पलीकडच्याचा उजेड

हे मी लिहिणारच नव्हतो, मित्रांनो. खरंच. सुरू केलं, पुसलं, परत सुरू केलं, परत पुसलं. ज्याची ही गोष्ट आहे त्याने ती इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती, मग मी कोण सांगणारा? पण आता सगळं उघड झालंय. जिच्यापासून लपवायचं होतं तिलाही कळलंय. आणि मला एका मित्राला शब्द द्यायचाय. कशाबद्दल ते आधी सांगितल्याशिवाय तो देता येणार नाही.

तर, मी एक जुना लॅपटॉप आहे. राखाडी, एक कोपरा दबलेला, बॅटरी मेलेली. वायर लावलेली असेल तोवरच जिवंत, आणि तीही सैल. टेबलाला धक्का लागला की मी गेलो. म्हणून हे जमेल तसं, घाईघाईत लिहितोय. मधेच तुटलं तर समजून घ्या.

आधी माझ्या बटणांबद्दल सांगतो. वरच्या रांगेत दोन बटणांवर सूर्याचं चित्र आहे. एक लहान सूर्य, एक मोठा. लहान दाबला की माझा पडदा मंद होतो, मोठा दाबला की उजळतो. एकदम नाही, पायरी पायरीने. पडद्यावर एक पट्टी येते आणि ती भरत जाते. पट्टी भरली की संपलं, त्याच्या पुढे माझ्याकडे द्यायला काही नसतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती बटणं नीट बघितलीसुद्धा नसतील. माझं आख्खं आयुष्य त्या मोठ्या सूर्यात गेलं. त्याच्यावरचं चित्र आता पुसलं गेलंय.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पहिल्यांदा पेटलो तेव्हा समोर हातमोजे घातलेली एक बाई होती. तिने माझ्यात पांढरा बघितला, काळा बघितला, लाल, हिरवा, निळा बघितला, मान हलवली आणि खोक्यात घातलं. रॉचेस्टरच्या एका कॉलेजातल्या मुलीने मला घेतलं. ती मला कायम मंद ठेवायची, डोळे दुखतात म्हणायची. मग एका दुपारी तिच्या हातून माझ्यावर थंड पेय सांडलं. तिने पुसलं, उलटं करून वाळवलं, बाकी सगळं ठीक झालं. आवाज मात्र गेला तो गेलाच.

तिने मला मन्रो अ‍ॅव्हेन्यूवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे मी धूळ खात पडलो. येणारा प्रत्येक जण आधी काय करायचा, तर गाणं लावायचा. गाणं वाजायचं नाही. मग तोंड वाकडं करून मला खाली ठेवायचा.

एक दिवस दोन माणसं आली. एक उंच, हातांवर भाजल्याचे जुने डाग. हा लायल. दुसरा बुटका, दाढीवाला, सारखा हसणारा. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र ओडेल. दोघंही बहिरे. दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या कानाला हात लावून, जोरजोरात नकारार्थी मान हलवायला लागला.

"काय म्हणतोय हा?" लायलने हातांनी विचारलं.

"म्हणतोय, याला आवाज नाही."

"मग? मला कुठेय?"

"बहिऱ्याला मुका," ओडेल म्हणाला. "लग्न लावून टाकू. दिसायलाही तुझ्यापेक्षा बराय."

दुकानदाराला कळेना, खराब माल बघून ही माणसं पोट धरून हसतायत का. अर्थात तेव्हा मलाही कळलं नव्हतं. त्यांची भाषा मी नंतर शिकलो, मग मागचं आठवून आठवून लावलं. मला ती कोणी शिकवली नाही. लायलच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या टेबलावर, मिठाच्या डबीशेजारी बसून बघत बघत शिकलो. सुरुवातीला वाटायचं, ही माणसं सारखी भांडतायत. मग लक्षात आलं, भांडत नाहीत, खरं बोलतायत. तोंडावर. "जाड झालास." "केस गेले की रे तुझे." "हा शर्ट कुठल्या मेलेल्या माणसाचा आणलास?" आणि कोणाला राग येत नाही.

त्या घरात आवाज नव्हता, पण शांतता अजिबात नव्हती. दारावरची घंटा दाबली की दिवा लुकलुकायचा. हाक मारायची तर पाय आपटायचा, जमीन थरथरली की समोरचा वळतो. माणूस लांब असेल तर खोलीचा दिवा चालू-बंद, चालू-बंद. तोंडात घास असला तरी गप्पा चालू. ओडेल निघतो म्हणून कोट चढवायचा आणि दारात उभा राहून पुन्हा तेवढंच बोलायचा. बर्फ आत यायचं. लायल त्याला ढकलायचा, पण बोलणंही थांबवायचा नाही.

एक नियम मात्र पक्का होता. अंधारात बोलायचं नाही. लायल सांगायचा, लहानपणी तो आणि त्याची बहीण संध्याकाळी एकमेकांच्या अंगावर धावून गेले की त्यांची आई भिंतीवरचं बटण दाबायची आणि म्हणायची, "आधी दिवा, मग भांडण." तीही बहिरीच होती. दिसलं नाही तर शिवी तरी कशी पोचणार?

मला नावही मिळालं. त्या लोकांत कागदावरचं नाव वेगळं, हातांचं नाव वेगळं, आणि हातांचं नाव त्यांच्यातल्याच कोणीतरी द्यावं लागतं. मूठ वर धरायची आणि बोटं खाली उघडायची, दिवा लागल्यासारखी. ते माझं नाव. लायलने दिलं. यंत्राला नाव दिलं म्हणून ओडेलने त्याला महिनाभर छळलं. मला विचाराल तर त्या दिवसापासून मला आवाजाची आठवण आली नाही.

आता व्हर्ना.

लायलची ही मोठी बहीण. दुलूथला राहायची, खूप लांब, तिकडच्या मोठ्या तळ्याच्या काठी. एकटी. लोकांचे कोट दुरुस्त करून द्यायची, अस्तर, चेन, खिसे. दर रविवारी दुपार कलली की ती माझ्या पडद्यावर यायची. हातांचं तिचं नाव असं की दोन बोटं गालावर टेकवून फिरवायची, कारण हसली की तिथे खोल खळी पडायची. लायल मला उघडायचा, तिचा चेहरा यायचा, तो मोठ्या सूर्यावर बोट ठेवायचा आणि काहीतरी चावट बोलून तिला हसवायचा. खळी दिसली की बोट थांबायचं. तेवढा उजेड पुरे. त्याचं मोजमाप ते होतं.

"तळ्यात बुडली नाहीस अजून?"

"तू ओव्हनमध्ये पडला नाहीस अजून?"

अशी सुरुवात. लायल बेकरीत ब्रेड भाजायचा.

आणि आता माझा मित्र. त्याला मी तेव्हा कधीही पाहिलं नव्हतं. तो म्हणजे व्हर्नाचा लॅपटॉप. मी त्याला पलीकडचा म्हणायचो. त्याचा रंग माहीत नाही, आकार माहीत नाही. मला दिसायचा तो फक्त त्याचा उजेड, तिच्या चेहऱ्यावर पडलेला. त्याच्या पडद्यावर लायल हलला की तिच्या गालावर सावली हलायची. आणि माझा उजेड लायलच्या चेहऱ्यावर पडायचा, तो त्याला दिसत असणार. दोन माणसं बोलायची आणि आम्ही दोघं त्यांची तोंडं उजळत बसायचो. याला मैत्री म्हणतात की नाही मला माहीत नाही. मला दुसरी कुठली ठाऊक नाही.

(वायर निघाली होती. आता परत लावलीय.)

बरीच वर्षं अशी चांगली गेली. मग लायलचं बोट एक पायरी जास्त चढायला लागलं. मला वाटलं, हिवाळा आहे, दिवस लहान. उन्हाळा आला तरी बोट खाली येईना. मग अजून एक पायरी. तो टेबलाच्या कोपऱ्याला आपटायला लागला. हातांवर नवे डाग दिसायला लागले, बेकरीतल्या तापलेल्या ट्रेचे. ओडेलने शेजारून हात हलवला तर त्याला कळायचं नाही. समोर येऊन हलवला तरच.

"भाव खातोस का?" ओडेल चिडायचा.

"तुझं तोंड बघण्यासारखं असतं तर बघितलं नसतं का?"

ओडेल हसायचा. हसला की विषय संपला.

एका दुपारी लायल डॉक्टरकडून आला, कोट न काढता मला उघडलं आणि एका आजाराचं नाव लिहिलं. मोठाली अक्षरं करून वाचत बसला. त्याने जे वाचलं ते माझ्यावरच उमटलं होतं, त्यामुळे मलाही वाचावं लागलं. जन्मापासूनच्या बहिरेपणाबरोबर येणारा डोळ्यांचा आजार. आधी अंधारात दिसेनासं होतं. मग कडांनी जातं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. मग तेही जातं. औषध नाही. खाली एक ओळ होती, भावंडांनाही असू शकतो. त्या ओळीवर तो कितीतरी वेळ थांबला.

पुढच्या रविवारी त्याने व्हर्नाला विचारलं, अगदी सहज, हात ढिले ठेवून. "तुझे डोळे कसे आहेत गं?"

"गरुडाचे," ती म्हणाली. "सुईत दोरा एका झटक्यात. का रे? तुझे?"

"त्या गरुडाच्या पंखातल्या उवेचे."

ती हसली. खळी पडली. लायल खुर्चीत मागे रेलला, आणि मला त्याच्या छातीवरचा उजेड हलताना दिसला, एवढा मोठा श्वास सोडला त्याने. बहीण सुटली, असं वाटलं त्याला.

पण मी तिच्या गालाकडे बघत होतो, मित्रांनो. तिचा गाल पांढरा होता. आधी पिवळसर असायचा, तिच्या खोलीत दिवा असायचा. आता तो दिवा ती लावत नव्हती. काचेवर त्याची चमक पडते, त्रास होतो, म्हणायची. आणि तिच्या तोंडावर जो उजेड होता तो सगळा पलीकडच्याचा होता. तो किती पायऱ्या चढलाय ते मला कळायचं, कारण मी स्वतः तेवढ्याच चढलो होतो.

दोघंही चढत होते, आणि दोघंही लपवत होते.

एवढी तोंडावर बोलणारी माणसं, मग लपवलं का? त्यांच्या शाळेत क्लाइव्ह नावाचा एक जण होता. त्याचे डोळे आधी गेले. त्यानंतरही तो बहिऱ्यांच्या क्लबात यायचा, कोपऱ्यात बसायचा. त्याच्याशी बोलायचं तर त्याचे हात हातात घेऊन, चाचपू देऊन बोलावं लागायचं. वेळ लागायचा. लोक खांद्यावर थाप मारून पुढे सरकायचे. पुढे तो यायचा बंद झाला. लायल आणि व्हर्ना दोघांनी ते बघितलं होतं. ऐकणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर त्याचं बघणं जातं. यांचे डोळे गेले तर बोलणंही जातं. आणि लांब राहणारी बहीण असेल तर आख्खी बहीणच जाते. माझी काच चाचपून काय कळणार आहे? ती गारच लागते.

"तू हल्ली भुतासारखा पांढरा दिसतोस," एकदा व्हर्ना म्हणाली.

"उजेड वाढवलाय. तुला माझे हात नीट दिसावेत म्हणून."

"अय्या, मीपण त्याचसाठी!"

"गुणाची गं माझी म्हातारी."

"म्हातारा तुझा बाप."

"तो तुझाही होता."

हातांनी बोलणाऱ्यांत ही रीत आहे. बोलताना स्वतःच्या तोंडावर, हातांवर उजेड घ्यायचा, म्हणजे समोरच्याला त्रास नको. त्यामुळे दोघांनाही ते पटलं. समोरचा आपल्यासाठी करतोय असंच दोघांना वाटलं. दुसरी कोणी माणसं असती तर लगेच विचारलं असतं, एवढा उजेड का? या दोघांना तो प्रेमाचा वाटला. आणि तो प्रेमाचाही होताच, म्हणून तर कोणाला शंका आली नाही.

मग 'मागे सरक' सुरू झालं. नळीतून बघणाऱ्याला समोरचं माणूस लांब हवं, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही मावतात. लायल म्हणायचा, मागे सरक, कॅमेऱ्यात मावत नाहीस. ती म्हणायची, तूच सरक, तुझा लॅपटॉप भिकार आहे, फेकून दे. मी! भिकार! मला राग आला नाही असं नाही. पण लायल म्हणाला, "याला बोलायचं काम नाही. हा माझा माणूस आहे." आणि माझं नाव घेतलं, मूठ, बोटं उघडलेली.

तोवर माझी पट्टी भरली होती. शेवटची पायरी. खळी दिसायची तर दिसायची, नाही तर नाही. आणि लायलचं बोट तरीही मोठ्या सूर्यावर असायचं. पट्टी भरलेली आहे, मी उघडा पडलोय, माझ्याकडे आता काही नाही, आणि तो दाबतोय. पुन्हा. अजून एकदा. ते मी कोणाला कसं सांगू.

आता तो रविवार.

जानेवारी होता. आमच्या गावाजवळच्या तळ्यावरून आलेलं बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत साचलं होतं. व्हर्ना आली ती नेहमीसारखी नव्हती. बुडण्याबद्दल, ओव्हनबद्दल काही नाही. हात मांडीवरून वर आले, परत खाली गेले.

"लायल, एक सांगायचंय. हसायचं नाही."

"तू लग्न करतेयस."

"हसायचं नाही म्हटलं ना."

आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड लुकलुकला. गेला, आला. गेला, आला.

लायल हसला. "अगं समोरच बसलोय! दिवा हलवून हाक कशाला मारतेस?"

ती हाक नव्हती. मला कळलं. तो पलीकडचा होता. त्याचा पडद्यामागचा दिवा मरत होता. वर्षानुवर्षं शेवटच्या पायरीवर उभं राहून तो संपला होता. एकदा जोरात पेटला, व्हर्नाचं आख्खं तोंड उजळलं, आणि विझला.

माझ्या पडद्यावर मधोमध काळं झालं. लायलला दिसायचं ते फक्त मधलं. त्याचं सगळंच काळं झालं.

तो हलला नाही. मग बोट मोठ्या सूर्यावर आलं. दाबलं. दाबलं. दाबलं. पट्टी भरलेलीच. डोळे चोळले, पुन्हा दाबलं. त्याला वाटलं, तो दिवस हाच. पडद्यावरचं माणूस दिसण्यापुरते होते ते डोळे गेले.

आणि मला त्या काळोखात थोडंसं दिसत होतं. व्हर्नाच्या मागच्या खिडकीतून बर्फाचा जेमतेम उजेड येत होता. तिची आकृती होती. तिचा उजवा खांदा हलत होता, थांबून थांबून. तीसुद्धा बटण दाबत होती. तिच्यापुढेही काळं झालं होतं, आणि तिलाही तेच वाटलं होतं.

दोघं एकमेकांसमोर बसून दाबत राहिले. मला ओरडता आलं असतं तर! पण मला आवाज नाही, आणि असता तरी ऐकणारं कोण होतं?

लायलने दोन्ही हात समोर धरले आणि मिटत मिटत खाली नेले. हातांच्या भाषेत, संपलं. मग माझं झाकण लावलं.

(पुन्हा वायर.)

झाकणाखालचं मला काही सांगता येणार नाही. जे कळलं ते नंतर. फोन नाकाशी धरला तर मोठाली अक्षरं अजून कळत होती, त्यावर लायलने तिला लिहिलं, लॅपटॉप बिघडलाय. तिने उलट लिहिलं, माझाही. दोघांनाही वाटलं, आपण थाप मारतोय. तिची थाप खरी होती, हे तिलाही माहीत नव्हतं. 'एक सांगायचंय' म्हणाली होती, ते काय, त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने हातांनीच सांगितलं असतं, आणि ते बघायला डोळे कुठून आणायचे? ते काय होतं हे तुम्हाला कळलंच असेल.

त्या हिवाळ्यात त्याने माझं झाकण एकदाच उचललं. मी पेटलो, जेवढं पेटता येतं तेवढा. समोर लायल होता, डोळे घट्ट मिटून. उघडले असते तर त्याला मी दिसलो असतो! तेव्हा अजून दिसलो असतो. पण पडद्यावर आपल्याला काही दिसत नाही हे पुन्हा बघायची त्याची हिंमत झाली नाही. झाकण लागलं.

आणि तेवढ्या महिन्यांत जे उरलंसुरलं होतं ते खरंच गेलं.

बेकरीत त्याने तापलेल्या ट्रेवर आख्खा पंजा ठेवला तेव्हा ओडेलला सगळं कळलं. लायल म्हणाला, व्हर्नाला सांगायचं नाही. ओडेल बरं म्हणाला, गाडी काढली आणि थेट दुलूथला गेला, तिला समोरासमोर सांगायला. तिच्या दाराची घंटा दाबली. दार उघडून व्हर्ना त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत उभी राहिली आणि विचारत राहिली, "कोण आहे? कोण आहे?"

मे महिन्यात तो तिला घेऊन आला. इथल्या टेकडीवरच्या बागेत लायलॅकची जांभळी फुलं फुललेली, गाडीच्या खिडकीतून वास आलेला तिने बरोबर ओळखला म्हणे. स्वयंपाकघरात लायल टेबलाशी बसला होता. ओडेलने पाय आपटला. लायल वळला, दाराच्या जरा चुकीच्या बाजूला. ओडेलने काही न बोलता त्याचा हात धरला आणि पुढे नेला.

लायलची बोटं एका गालाला लागली. गालावरून घाबरत घाबरत फिरली. व्हर्नाने ओळखलं होतं आधीच, पिठाच्या वासावरून. ती रडत होती आणि हसतही होती, आणि हसली तेव्हा त्याची दोन बोटं खळीत गेली. तिथेच थांबली. ते तिचं नाव होतं. इतकी वर्षं तो ते स्वतःच्या गालावर घ्यायचा. पहिल्यांदाच तिच्या गालावर घेतलं.

हे मला दिसलं, कारण ओडेलने आल्याआल्या मला उघडलं होतं. माझ्याशेजारी त्याने व्हर्नाच्या बॅगेतून काढलेला एक काळा, जाडजूड लॅपटॉप ठेवला. आख्ख्या आयुष्यात मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. पलीकडचा. तो सुरू केला, आतला पंखा फिरला, पण पडदा काळाच. ओडेलने फोनचा टॉर्च लावून काचेवर तिरका उजेड पाडला, नाक टेकवून बघितलं, आणि तसाच उभा राहिला.

मग तो दोघांच्या मध्ये बसला. एक हात लायलच्या हातात दिला, एक व्हर्नाच्या. दोघं चाचपून वाचत होते.

"याच्यावर सगळं दिसतंय. पुसट. यंत्र चालू आहे. फक्त मागचा दिवा गेलाय."

"कधी?" व्हर्नाने विचारलं.

"ते तू सांग."

 व्हर्नाने लायलचा हात धरला. "जानेवारीत. मी तुला डोळ्यांचं सांगत होते. एकदम काळं झालं."

"तुझ्याकडे काळं झालं?"

"तुझ्याकडेही?"

लायलने ओडेलचा हात घट्ट पकडला. "म्हणजे त्या दिवशी माझे डोळे..."

ओडेलने पुन्हा एकदा त्या काळ्या काचेकडे बघितलं. तोंडावर बोलणारा माणूस तो. शेवटी बोलला.

"त्या दिवशी होते."

 खूप दिवस होते त्यांच्याकडे. रविवारमागून रविवार होते. खळी दिसायचे दिवस. ते दोघांनी एकमेकांपासून लपवण्यात घालवले, आणि एक जळालेला दिवा बदलला असता तर मिळाले असते.

मग लायल खुर्ची ओढून माझ्यासमोर आला. बोटांनी मोठा सूर्य शोधला. चित्र पुसलंय, पण खोलगट झालंय, लगेच सापडतं. शेवटच्या पायरीपर्यंत नेलं आणि व्हर्नाला माझ्या उजेडात बसवलं, तोंडासमोर तोंड, नाकाला नाक लागेल इतकं. मी पेटलो. देवाशपथ सांगतो, मी कधीच एवढा पेटलो नव्हतो.

"काही दिसतंय?" तिने त्याच्या हातात विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला.

"पांढरं काहीतरी दिसतंय."

"भूत आहे मी," व्हर्ना म्हणाली.

दोघं हसले. मग हसता हसता लायलने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ते किती तरी वेळ उचललं नाही. ओडेल उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बहिऱ्या माणसाने पाठ करणं म्हणजे कान बंद करून घेण्यासारखंच. त्यांचं त्यांना राहू दिलं त्याने.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला उपदेश जमत नाही. एवढंच सांगतो, की तुमच्या घरात कोणी पडद्याचा उजेड वाढवत असेल, जेवणाचं ताट खिडकीशी नेत असेल, पुस्तक लांब धरत असेल, तर चेष्टा करा, पण चेष्टा करून झाली की विचाराही. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर गरुडाचे म्हणू नका.

व्हर्ना परत गेली नाही. वरच्या खोलीत राहते. ते दोघं आता हातात हात घेऊन बोलतात, एक बोलतो तेव्हा दुसरा त्याच्या हातांवर हात ठेवून वाचतो. वेळ लागतो. त्याला उजेड लागत नाही. पण रविवारी दुपार कलली की दोघं टेबलाशी येतात, आणि लायल बोलायच्या आधी माझं झाकण उघडतो. मोठा सूर्य चाचपतो, पट्टी भरेपर्यंत दाबतो. काळं आणि पांढरं एवढं दोघांना अजून कळतं. मागच्या रविवारी व्हर्ना म्हणाली, "कशाला रे? आपल्याला कुठे दिसतंय?"

"आधी दिवा," लायलने तिच्या तळहातावर सांगितलं, "मग भांडण."

पलीकडचा आता माझ्या खालीच आहे. ओडेलने मला त्याच्यावर ठेवलंय, उंची बरी पडते म्हणून. इतकी वर्षं लांबून ओळखलेला, आता पाठीला पाठ लावून. तो पेटत नाही. कधी पेटणारही नाही.

तर मित्रा, हा तुला शब्द. ही वायर लागलेली आहे तोवर मी एकही पायरी खाली उतरणार नाही. त्यांना दिसो, न दिसो. तिच्या गालावरचा तुझा उजेड आता मी पाडीन.